तुंबेकुंदाच्या दोन वाटा

तुंबेकुंदावर जायला दोन वाटा आहेत. दोन्ही वाटांनी माथ्यावर पोचायला तेवढाच वेळ लागतो, दोन्हींवर तेवढ्याच जळवा चिकटतात, आणि वर पोचल्यावर दोन्हीकडून आलेल्या माणसाला तेच एक धुकं दिसतं. हे मी शपथेवर सांगायला तेव्हाही तयार होतो. फक्त मोण्णप्पाच्या अंगणात नाही, आणि मेदप्पाच्या अंगणात तर नाहीच नाही.

झालं असं की, राज्यातल्या रमणीय पायवाटांची एक पुस्तिका निघणार होती. आमच्या कोडगूतून कुणीतरी मजकूर पाठवायला हवा होता. तो मी पाठवला, कारण शाळेतून निवृत्त झाल्यापासून दुसरं कुठलंच काम माझ्याकडे आलेलं नव्हतं. मी लिहिलं: ‘माथ्यावर जाण्यास दोन वाटा आहेत. एक कोट्रंड मोण्णप्पा यांच्या कॉफीच्या मळ्यातून जाते, दुसरी नेरपंड मेदप्पा यांच्या. दोहोंतील अधिक रमणीय कोणती, हे ज्याचे त्याने चालून ठरवावे.’

हे शेवटचं वाक्य तेव्हा मला फार आवडलं होतं. दोनतीन लोकांना मी ते वाचूनही दाखवलं.

मोण्णप्पा हा फौजेतून सुभेदार होऊन परत आलेला, दारातून आत यायला मान वाकवावी लागणारा माणूस. मेदप्पा त्याच्या बायकोचा, देचम्माचा धाकटा भाऊ. बारीक, काटक, आणि हसला की समोरच्याचा हात नकळत खिशाकडे जावा असा. दोघांच्या मळ्यांमध्ये एक ओढा आणि ओढ्यावर आडवा टाकलेला ओंडका. तेवढा ओलांडला की देचम्माचं सासर संपून माहेर लागायचं. तीस वर्षं हे दोघं दर रविवारी त्या ओंडक्यावर बसून प्यायले. एकदाही कुणी पाण्यात पडलं नाही, याचं गावाला कौतुक होतं.

पुस्तिका निघाली आणि प्लास्टिकचे रेनकोट घातलेली माणसं येऊ लागली. ती ओढ्याशी थांबायची आणि जो दिसेल त्याला विचारायची, “दोन्हींत जास्त छान वाट कुठली हो?”

असा प्रश्न दोघांनाही जन्मात कुणी विचारला नव्हता. वाट म्हणजे डुकराच्या मागे जायची जागा, एवढंच दोघांना ठाऊक. पण प्रश्न आला की उत्तर आपोआप येतं. मोण्णप्पाने वाटेवरच्या दगडांवर पिवळे बाण काढले. मेदप्पाने पांढरे काढले. आठवड्याभरात सगळे पिवळे बाण दलदलीकडे वळले. मोण्णप्पाने मेदप्पाने वाटेवर लावलेली लाकडी पाटी कुऱ्हाडीने फोडून तिच्यावर पाणी तापवलं आणि अंघोळ केली. मग मेदप्पाने मोण्णप्पाच्या वाटेच्या ऐन मधोमध डुकरासाठी खणतात तसा खड्डा खणला आणि वर नेचे अंथरले. मग असेच आणखी दोनतीन. पहिल्यात शहरातला एक तरुण पडला. त्याची नडगी दोन जागी मोडली. घरी जाऊन त्याने फोनवर अभिप्राय लिहिला: ‘दृश्य अप्रतिम. खड्डा खोल.’ मोण्णप्पा पहिला अर्धा भाग सगळ्यांना वाचून दाखवायचा.

उत्तर म्हणून त्याने मेदप्पाच्या वाटेवर तारेचे फास लावले. त्यात मेदप्पाचा कुत्रा अडकला. तो सकाळपासून दुपारपर्यंत लटकत होता; सोडवला तेव्हा तार मानेत हाडापर्यंत गेलेली. दुसऱ्या दिवशी मोण्णप्पा दार उघडून बाहेर आला, तर पायरीवर त्याच्या कुत्रीचं मुंडकं होतं. धड विहिरीच्या काठावर होतं, नीट पाय जुळवून ठेवलेलं. मेदप्पा कामात टापटिपीचा.

जत्रेत दोघं समोरासमोर आले. मोण्णप्पाच्या हातात देवाचा नारळ होता. तो त्याने मेदप्पाच्या तोंडावर फोडला. दोन दात गेले. मेदप्पाने उरलेल्या दातांनी मोण्णप्पाच्या कानाची पाळी तोडली आणि थुंकली. डॉक्टरने दोघांना एकाच बाकावर बसवून टाके घातले. मध्ये देचम्मा बसली, कारण दुसरं कुणी मध्ये बसायला तयार नव्हतं.

“अजून काय काय कापायचं राहिलंय, ते एकदाच सांगा,” ती म्हणाली. “म्हणजे मला रोज रोज सरकारी दवाखान्याची पायरी चढायला नको.”

“त्याला सांग, बाण पुसायला,” मोण्णप्पा म्हणाला.

“बावला सांग, वाट असेल तर बाण काढावा,” मेदप्पा म्हणाला. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे बाव म्हणतात आणि मान देतात. मेदप्पाने शिवी देतानाही हा मान सोडला नाही. “गटाराला कुणी बाण काढतं का?”

मोण्णप्पा उठला. कानातून सुई लोंबत होती. देचम्माने त्याला दंडाला धरून खाली बसवलं, दुसऱ्या हाताने भावाचा गळा धरला, आणि आवाज न चढवता म्हणाली, “माझं नीट ऐका. मला नवरा पण हवाय आणि भाऊ पण. दोघंही. यातला एक जरी कमी झाला, तर जो उरेल तो माझा कुणी नाही. आता टाके घालून घ्या.”

डॉक्टरने तिलाच विचारून उरलेले टाके घातले.

यानंतर दोघं महिनाभर एकमेकांच्या वाटेला गेले नाहीत. त्यातच देचम्माची मुलगी बोजी पहिल्या बाळंतपणाला आईकडे आली, आणि घरात दुसरा विषय सुरू झाला. मोण्णप्पाने भिंतीवरची बंदूक उतरवून तेलपाणी केलं. आमच्या दरीत मुलगा झाला की बंदुकीचा एक बार काढतात, माणूस गेला की लागोपाठ दोन. फोन आले, टॉवर आले, पण ही बातमी अजून तशीच फिरते. एक ऐकला की लोक हसत निघतात. दोन ऐकले की पांढरं नेसून. मुलगी झाली तर काशाचं ताट वाजवतात, ते शेजारच्या घरापर्यंत ऐकू जातं. बोजीने बापाला बजावलं होतं, “मुलगी झाली तरी बार काढायचा.” मोण्णप्पा म्हणाला, “बघू.” म्हणजे नाही.

सगळं निवत आलं होतं, आणि तेवढ्यात मला पत्र आलं. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघत होती. जागा कमी पडत असल्याने प्रत्येक डोंगराची एकच वाट छापायची होती. तुंबेकुंदाची कुठली छापू, ते कळवावे.

शहाण्या माणसाने पत्र चुलीत घातलं असतं. मी दोघांकडे गेलो. म्हटलं, “बुधवारी मी दोन्ही वाटांनी चढतो आणि काय ते ठरवतो.” निःपक्षपातीपणाचा मला त्या काळात नाद होता.

त्यामुळे मंगळवारी सकाळी मोण्णप्पा आपल्या वाटेने वर गेला, माझ्या येण्याआधी माथ्यावरच्या मोठ्या खडकावर एक ठळक पिवळा बाण काढायला. खांद्याला बंदूक, कमरेला कोयता. आमच्याकडे डोंगरावर बिनबंदुकीचं कुणी जात नाही. हत्ती आडवा आला तर हवेत बार काढायला एक काडतूस पुरतं. त्याच सकाळी, त्याच वेळी, तशीच बंदूक, तसाच कोयता आणि पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन मेदप्पा आपल्या वाटेने चढत होता. दोघं खडकापाशी एकाच वेळी पोचले. दोन्ही वाटा सारख्याच लांबीच्या आहेत, हे मी सांगितलंच.

पुढची हकिगत बरीचशी मोण्णप्पाने मला सांगितलेली आहे. मोण्णप्पा खोटं बोलतो, पण स्वतःची नाचक्की होईल असं खोटं बोलणारा माणूस मी अजून पाहिला नाही. म्हणून ती खरी धरून चालतो.

सुरुवात डब्यांनी झाली. मेदप्पाने पांढऱ्या रंगाचा डबा मोण्णप्पाच्या कपाळावर हाणला. मोण्णप्पाने पिवळा डबा त्याच्या डोक्यावर उपडा केला आणि वरून ठोसा मारला. डोळ्यांत रंग गेलेला मेदप्पा आंधळ्यासारखा कोयता फिरवत सुटला. तिसरा की चौथा वार मोण्णप्पाच्या गुडघ्याखाली बसला. मोण्णप्पा सांगतो, दुखलं नाही, फक्त आवाज आला. ओला बांबू तोडताना येतो तसा. खाली बघितलं तर पाय अजून होता, पण तो जिकडे बघत होता तिकडे पाय बघत नव्हता. तो पडला. पडता पडता त्याने आपला कोयता वर केला, आणि मेदप्पा त्याच्यावर झेप घेत होता तो सरळ कोयत्यावरच आला. कोयत्याचं टोक बरगडीखालून आत गेलं. मेदप्पाने खाली बघून म्हटलं, “अरे!” खुंटीला सदरा अडकून फाटावा तसं.

बंदुकांना दोघांनीही हात लावला नव्हता. बंदूक पूर्वजांची असते, तिची पूजा होते, तिने घरच्या माणसाला मारत नाहीत. कोयत्याचं काही नाही.

पण आता दोघं दहा पावलांवर, एक खडकाच्या या कडेला, एक त्या कडेला, पाठ टेकून पडले होते. आणि दोघांच्याही लक्षात आलं की पूजा वगैरे उभ्या राहू शकणाऱ्या माणसांसाठी ठीक आहे. दोघांनी एकदमच बंदुका मांडीवर घेतल्या.

“सरकू नको, बाव. भरलेली आहे.”

“माझ्यात काय भाताचा कोंडा भरलाय?”

पाऊस भुरभुरत होता. रक्ताचा वास लागून गवतातून जळवा निघाल्या. बोटाबोटाच्या, डोकं उचलून इकडेतिकडे बघत. मोण्णप्पाच्या नडगीवर त्या इतक्या जमल्या की जखम दिसेना. त्याने आधी मोजायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

दोघांच्या खिशात फोन होते. पुस्तिकेत माझं आणखी एक वाक्य आहे: ‘येथे मोबाइलचा उपद्रव नाही.’

“बाव,” बऱ्याच वेळाने मेदप्पा म्हणाला, “आपण मरणार बहुतेक.”

“तू आधी.”

“कोण आधी ते राहू दे. ओरडून बघू का?”

दोघं ओरडले. ओढा त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडत होता.

“दोन बार,” मेदप्पा म्हणाला. “लागोपाठ दोन गेले की दरीतली सगळी माणसं निघतील. मयताला कुणी घरी बसत नाही.”

“माझ्याकडे एकच आहे.”

“माझ्याकडेही एकच.”

“तुझं फेक इकडे. दोन्ही मीच काढतो.”

“माझं तुझ्या नळीत बसत नाही, बाव. ही आमच्या बापाची बंदूक आहे. विसरलास?”

“मग दोघांनी काढू. एक, दोन, तीन म्हणून.”

“एकदम काढले तर एकच ऐकू येईल. लोक म्हणतील, बोजीला मुलगा झाला. सगळे तुझ्या घरी पायसम खायला जातील आणि आपण इथे.” मेदप्पा खोकला. ओठांवर पिवळ्या रंगात लाल मिसळलं. “एकामागून एक काढायला हवेत. तू काढ, मी लगेच काढतो.”

“हो का? मी काढला की माझी रिकामी. मग तुला एक काडतूस आणि समोर मी.”

“मी तसा वाटतो तुला?”

“माझ्या पायाकडे बघ आणि मग विचार.”

“तू माझ्या पोटाकडे बघ.”

“मग तू काढ आधी.”

“वेडा आहे काय मी?” मेदप्पा म्हणाला.

असं किती वेळ चाललं, कुणास ठाऊक. मोण्णप्पा म्हणतो अर्धा तास. डॉक्टर म्हणाला, अर्ध्या तासात एवढं रक्त गेलं असतं तर तुम्ही मला हे सांगायला आला नसतात. काहीही असो, मोण्णप्पाच्या डोळ्यांपुढे खडक आत-बाहेर व्हायला लागला तेव्हा त्याने नळी आभाळाकडे केली आणि बार काढला. का काढला? मला त्याने सांगितलं की बोजी आठवली. देचम्माला सांगितलं की ती आठवली. पोलिसांना सांगितलं की बोटात पेटका आला. पोलिसांसमोर तो सहसा खरं बोलतो.

बार दरीत गेला, समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. मोण्णप्पा वाट बघू लागला. मेदप्पाने बंदूक उचलली. ती आभाळाकडे गेली नाही. ती मोण्णप्पाच्या छातीसमोर येऊन थांबली.

“आता म्हण,” मेदप्पा म्हणाला.

“काय म्हणू?”

“माझी वाट जास्त सुंदर आहे.”

“मेदू, बार काढ. वेळ जातोय.”

“एवढंच म्हण. चार शब्द कमी म्हटलास तरी चालेल. ‘तुझी’ म्हण नुसतं.”

“तुझ्या वाटेवर पहिला अर्धा तास काहीही दिसत नाही. केळी दिसतात.”

“आणि तुझ्या वाटेवर?”

“वळणावरून पूर्ण दरी दिसते.”

“वळणावरून तुझा संडास दिसतो, बाव! दरी संडासाच्या मागे आहे!” मेदप्पा एवढ्या जोरात ओरडला की त्याच्या बोटांमधून रक्ताचा लोट आला. त्याने जखम कोपराने दाबली आणि घोड्यावर बोट ठेवलं. “म्हण. नाहीतर घालतो.”

मोण्णप्पाने सदऱ्याचं वरचं बटण उघडलं. “घाल,” तो म्हणाला. “इथे घाल. खोटं बोलून मरणार नाही मी.”

मी त्याला नंतर विचारलं, एक शब्दच होता, म्हणायला काय जात होतं? त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी शाळेत तीस वर्षं काय शिकवलं, हा प्रश्न मला पडावा.

मेदप्पाने नेम धरला. नळी फिरत होती, कधी मोण्णप्पाच्या तोंडावर, कधी धुक्यावर. बराच वेळ तो तसाच बसला. मग त्याने एक घाणेरडी शिवी दिली, तिच्यात ‘बाव’ होतंच, आणि नळी उचलून बार हवेत काढला.

पण तोवर फार वेळ गेला होता.

खाली मी मोण्णप्पाच्या ओट्यावर बसून देचम्माच्या हातची तांदळाची ओट्टी, म्हणजे आमची भाकरी, आणि बांबूच्या कोंबांची भाजी खात होतो. बुधवारी नेमकी कुठली वाट निवडावी म्हणजे कुणी मरणार नाही, हा सल्ला मागायला मी आलो होतो. पहिला बार झाला. भाताच्या शेतापलीकडून चोंडम्मा ओरडली, “मुलगा! देचम्माकडे मुलगा!” पाच मिनिटांत ती स्वतः चिखलातून धावत आली, मागे तिचा नवरा, त्याच्या मागे म्हातारा कुशालप्पा, हातात घरच्या दारूची बाटली.

बोजी ओट्यावरच्या खुर्चीत बसून तिसरी ओट्टी खात होती.

“कुठाय?” चोंडम्मा म्हणाली.

“इथेच आहे,” बोजीने पोटावर थाप मारली. “अजून निघायचं ठरवलं नाही त्याने.”

“मग बार कुणी काढला?”

“बाबा वर गेलेत. हत्ती आला असेल.”

एवढ्यात दुसरा बार झाला.

“जुळे!” कुशालप्पा म्हणाला आणि बाटलीचं बूच काढलं. मधल्या वेळात माझी एक ओट्टी संपून दुसरी निम्मी झाली होती. मयताचे बार असे येत नाहीत. ते हातोडीच्या घावांसारखे येतात. त्यामुळे कुणी काही मनावर घेतलं नाही.

देचम्मा मात्र हातातलं उलथणं तसंच धरून दारात उभी होती.

“पहिली यांची बंदूक,” ती म्हणाली. “दुसरी माझ्या बापाची.”

“तुला कसं कळलं?”

“त्या आवाजाला लहानपणी मी कान झाकून पलंगाखाली बसायची. मला नाही कळणार?” उलथणं तिने खाली टाकलं. “दोन माणसं, दोन बंदुका, एकाच माथ्यावर. हसताय काय? शिडी काढा. बांबूची काढा, लांबवाली.”

चार गडी, चोंडम्माचा नवरा, मी आणि ती निघालो. ओढ्यापाशी गडी थांबले. “कुठल्या वाटेने, अक्का?”

एका वाटेवर खड्डे होते, दुसरीवर फास. कुठले कुठे, हे ज्यांना माहीत होतं ते दोघं वर होते. देचम्माने लुगडं खोचलं आणि सरळ ओढ्यात उतरली. पाण्यातून, धोंड्यांवरून, लव्हाळ्याला धरून ती चढत गेली. ही वाट पुस्तिकेत नाही. मी दोनदा पडलो, एकदा शिडीवर आणि एकदा शिडीखाली.

वर पोचलो तेव्हा खडकावर पिवळा-पांढरा सडा पडला होता आणि त्यावरून लाल ओघळ. दोघं आपापल्या कडेला तसेच. देचम्मा आधी नवऱ्यापाशी गेली. त्याचे डोळे उघडे आहेत असं बघून तिने त्याच्या थोबाडीत मारली. त्याच गालावर दुसरी मारली. मग पदर फाडून गुडघ्यावर इतका आवळून बांधला की मोण्णप्पा पहिल्यांदाच किंचाळला. मग ती भावाकडे गेली.

मेदप्पाच्या मांडीत रक्ताचं तळं साचलं होतं. तो बहिणीकडे बघून हसला. दोन दातांची जागा रिकामी.

“अक्का, कुठल्या वाटेने आलीस?”

“ओढ्यातून.”

“ओढ्यातून?” त्याला वाईट वाटलं. “वाट सोडून?”

“गप्प बस. बोलू नको.” तिने उरलेला पदर त्याच्या बरगडीखाली कोंबला. तो लगेच भिजला. तिने दुसरं काही मिळतं का म्हणून मागे हात केला. मी सदरा काढून दिला. तोही भिजला.

“तू जन्मभर दोन्ही वाटांनी चाललीस,” मेदप्पा म्हणाला. “माहेरी ये-जा करताना, सरपणाला जाताना. तू सांग. जास्त सुंदर कुठली?”

देचम्मा त्याची जखम दाबत होती. खडकाच्या त्या कडेला मोण्णप्पाने मान उचलली. त्याला शिडीवर घेणारे गडीसुद्धा थांबले.

“तुझी,” ती म्हणाली.

“मोठ्याने. त्याला ऐकू जाऊ दे.”

“तुझी वाट, मेदू. तुझीच. आधीपासून.”

मेदप्पाने मान वळवून मोण्णप्पाकडे बघितलं. नुसतं बघितलं, आणि बघतच राहिला. डोळे नंतर चोंडम्माच्या नवऱ्याने मिटले.

शिडी एकच होती. जिवंत माणसाला आधी खाली न्यायचं म्हणून मोण्णप्पाला बांधलं. देचम्मा भावापाशी बसणार होती, पण मोण्णप्पा तिचा हात सोडेना. म्हणून मी मेदप्पापाशी थांबलो आणि ती शिडीबरोबर उतरू लागली. धुक्यात दिसेनाशी होईपर्यंत मोण्णप्पाचा आवाज मला ऐकू येत होता. शुद्ध येत-जात होती, तरी तो एकच विचारत होता. “तू ते त्याला बरं वाटावं म्हणून म्हणालीस ना? देचू? त्याला बरं वाटावं म्हणूनच ना?”

तिचा आवाज मला ऐकू आला नाही.

पोलीस आले. कागदावर कारण काय लिहावं, हे फौजदाराला कळेना. शेवटी त्याने ‘रस्त्याचा वाद’ असं लिहिलं. दोघांच्याही हातात कोयते होते, दोघांच्याही अंगात घाव होते. मोण्णप्पा जामिनावर सुटला, खटला अजून चालू आहे. डॉक्टरने पाय वाचवला, पण तो आता वाकत नाही. आठ दिवसांनी बोजीला मुलगी झाली. देचम्माने काशाचं ताट इतक्या जोरात बडवलं की पलीकडच्या दरीतून माणूस चौकशीला आला.

पुस्तिकेला मी कळवलं की तुंबेकुंद हे नाव वगळावं. त्यांनी वगळलं. रेनकोटवाली माणसं हळूहळू यायची थांबली. मेदप्पाचा मळा त्याच्या मुलाकडे आहे. तो बेंगळुरूला असतो, त्याला वाटेचं काही नाही. फास मोण्णप्पाने स्वतः दाखवून काढवले. खड्डे कुणाला माहीत नव्हते, ते आम्ही काठीने ठोकत ठोकत शोधले.

देचम्मा नवऱ्याचं सगळं करते. पायाला तेल लावते, कोर्टाच्या तारखेला धुतलेला सदरा काढून देते. त्याच्याशी ती बोलत नाही. म्हणजे मीठ, पाणी, गुरं एवढं बोलते. तो विषय काढला की ती उठून आत जाते. मोण्णप्पाने तो प्रश्न तिला घरात विचारला, शेतात विचारला, एकदा देवळात गाभाऱ्यासमोर उभं करून विचारला. ती देवाला नमस्कार करून बाहेर आली.

मग त्याने विचारणं सोडलं. आता तो रोज सकाळी काठी घेऊन निघतो, ताठ पाय ओढत ओंडका ओलांडतो आणि मेदप्पाच्या वाटेने वर जातो. धडधाकट माणसाला जिथे दीड तास लागतो तिथे त्याला साडेतीन लागतात. दोनदा पडला, एकदा टाके उसवले. मी म्हटलं, “सुभेदार, कशाला हा जाच? काय मिळतं तिकडे?”

“बघून येतो,” तो म्हणाला.

“काय बघता?”

“वाट.”

दिवाळीनंतर धुकं विरळ झालं. एके दिवशी परत येताना तो माझ्या फाटकापाशी टेकला. सदरा घामाने चिंब, चेहरा पांढराफटक. बराच वेळ दम खाल्ला.

“मेष्ट्रे,” तो म्हणाला (आमच्याकडे मास्तरांना असंच म्हणतात), “केळी संपल्यावर एक वळण लागतं. तिथे डावीकडे झाडी सुटते.”

“मग?”

“तिथून...” त्याने काठीने माती उकरली. “तिथून वाईट नाही दिसत.”

ओढ्यापलीकडे देचम्मा अंगणात कॉफी वाळत घालत होती. तिने आमच्याकडे एकदा बघितलं आणि फावडं फिरवत राहिली.

“हे तिला जाऊन सांगा,” मी म्हटलं.

“सांगेन,” मोण्णप्पा म्हणाला. “अजून एकदोनदा नीट बघतो. उगाच घाईत काहीतरी बोलून जायचो.”

आणि काठीवर जोर देऊन तो उठला.